स्वालबार्डला मोहीम-जहाजातून जावं का? (वय ५९ आणि ६४, एक गुडघा बदललेला)

टिटवी · १२ नोव्हेंबर, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी,

जूनमध्ये बँकेतून निवृत्त झाले. मिळालेल्या पैशातून स्वयंपाकघराचं काम, लेकीच्या घराला लावलेला हातभार वगैरे वजा जाता एक रक्कम मी बाजूला काढून ठेवली आहे. ती कशावर खर्च करायची हे मला बरीच वर्षं माहीत आहे. बँकेत माझ्या टेबलाच्या काचेखाली जगाचा एक नकाशा होता, कुठल्याशा डायरीतून काढलेला. नॉर्वेच्या वर, जिथे चौकट संपते, तिथे काही बेटं अर्धीच छापली गेली होती. शिक्के मारता मारता रोज तिकडे नजर जायची. ती स्वालबार्डची बेटं. उरलेला अर्धा भाग मला डोळ्यांनी बघायचा आहे.

दहा रात्रींची सफर आहे. लाँगयरब्येन या तिथल्या मुख्य गावाहून निघायचं, स्पिट्सबर्गन या मोठ्या बेटाला वळसा घालायचा आणि परत. रोज दोनदा रबरी होड्यांतून किनाऱ्यावर उतरवतात म्हणे. यजमानांचा उजवा गुडघा दोन वर्षांपूर्वी बदललाय. ते म्हणतात, एवढ्या पैशात युरोप दोनदा बघून होईल. पण "तू ठरव, मी येतो" असंही म्हणतात.

माझे प्रश्न: जहाज लहान घ्यावं की मोठं? आलिशान जहाजाचे जास्तीचे पैसे कशासाठी असतात? गुडघा निभावेल का? आणि कुणी खरंच जाऊन आलंय का?

पडवळ · १२ नोव्हेंबर, रात्री ९:५२

मी जाऊन आलेलो नाही, पण धागा वाचायला चहा घेऊन बसलोय. वाचनखूण साठवली.

हिशेबनीस · १२ नोव्हेंबर, रात्री १०:१५

आधी आकडे मांडू. मी मागच्या वर्षी तीन ठिकाणी भाव काढले होते. साध्या पण चांगल्या मोहीम-जहाजावर खिडकीची खोली माणशी आठ-नऊ हजार डॉलर. सगळ्या खोल्या सज्जाच्या, दिमतीला माणूस, दारू-जेवण सगळं धरून, अशा जहाजावर पंधरा हजारांच्या पुढे. त्यावर मुंबई-ऑस्लो-लाँगयरब्येन विमान, ऑस्लोत जाता-येता एकेक मुक्काम, विमा. दोघांचे साध्या जहाजाने वीस लाख धरा, आलिशानने तीसच्या वर. टीसीएस, म्हणजे परदेशी सहलीच्या पैशांवर आगाऊ घेतला जाणारा कर, कापतील, तो विवरणपत्र भरल्यावर वळता होतो, पण तोपर्यंत ते पैसे अडकतात. रोख हाताशी ठेवताना हे धरून चाला.

विम्यात 'जुना आजार' आणि 'हवाई सुटका' हे दोन शब्द आहेत का ते स्वतः वाचा. एजंटने तोंडी सांगितलेलं धरू नका.

ओसरी · १३ नोव्हेंबर, सकाळी ७:३०

टिटवीताई, मी जाऊन आले आहे. जुलै महिना, ११० प्रवाशांचं जहाज, बरोबर माझी थोरली जाऊ. सविस्तर लिहिते, कारण जाण्याआधी मला मराठीत कुठेच काही मिळालं नव्हतं.

पहिली गोष्ट म्हणजे छापील कार्यक्रम हा नुसता अंदाज असतो. रोज संध्याकाळी मोहीमप्रमुख सगळ्यांना बसवून उद्याचा बेत सांगतो आणि सकाळी वारा बघून बदलतो. आमची हिनलोपेनची सामुद्रधुनी बर्फाने बंद होती, म्हणून वळसा पुरा झाला नाही. त्याचं वाईट वाटून घेणारे शेवटपर्यंत रुसून बसले. आम्ही दोघी उत्तरेच्या बर्फाच्या कडेला तीन तास डेकवर उभ्या होतो. ते त्यांनी पाहिलंच नाही.

आता उतरायचं कसं ते. तळमजल्यावर बुटांची खोली असते. तिथे गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट चढवायचे आणि जंतुनाशकाच्या ट्रेमधून पाय बुडवून जायचं. आदल्या दिवशी आपल्या पँटचे खिसे, बॅगेच्या शिवणी, चिकटपट्ट्या व्हॅक्यूमने साफ करायला लावतात, का तर आपल्याकडची बी तिकडे जाऊ नये. माझ्या बॅगेच्या कोपऱ्यातून जिरं निघालं! तिथल्या मुलीने ते चिमटीत धरून कागदावर ठेवलं, मला दाखवलं आणि नीट पुडी बांधून कचऱ्यात टाकलं.

मग होडी. हात हातात द्यायचा नाही, एकमेकांचं मनगट पकडायचं. आपल्याकडे कोळी होडीत ओढून घेतात अगदी तसंच. होडीच्या फुगीर कडेवर बसायचं, घसरत पुढे सरकायचं. किनाऱ्याला लागलं की पाय बाहेर फिरवून घोटाभर पाण्यात उभं राहायचं. एका होडीत आम्ही दहा जण असायचो. माणसं उतरायच्या आधी बंदुका घेतलेले वाटाडे पुढे जाऊन टेकडीपलीकडे अस्वल नाही ना ते बघतात. ते उभे राहतात त्या चौकटीतच आपण फिरायचं.

आणि आवाज. हिमनदीच्या समोर, सुरक्षित अंतरावर, होडीचं इंजिन बंद केलं. सगळीकडे तडतड, तडतड. ज्वारीच्या लाह्या फुटतात तशी. पाण्यावर तरंगणाऱ्या बर्फात कधीकाळची कोंडलेली हवा असते, तिचे बुडबुडे फुटत असतात. माझी जाऊ एरवी मिनिटभर गप्प बसत नाही. ती त्या दिवशी जेवणापर्यंत बोलली नाही.

अस्वल दोनदा दिसलं. एकदा दुर्बिणीतून पिवळसर ठिपका, एकदा जरा बरं. अस्वलासाठी जाणार असाल तर जाऊ नका.

टिटवी · १३ नोव्हेंबर, सकाळी ८:०५

ओसरी, जिऱ्याचं वाचून मी आत्ताच माझी प्रवासाची बॅग उलटी करून झटकली. निघाली बडीशेप.

गलबत · १३ नोव्हेंबर, दुपारी १:२०

एकतीस वर्षं जहाजांच्या इंजिनरूममध्ये काढली, आता रत्नागिरीत असतो. माझ्या बाजूने सांगतो.

जहाज २०० प्रवाशांच्या आतलंच घ्या. यात आवडीनिवडीचा प्रश्नच नाही, नियमच तसा आहे. १ जानेवारी २०२५ पासून स्वालबार्डच्या संरक्षित भागात २०० पेक्षा जास्त प्रवासी असलेलं जहाज नेता येत नाही आणि त्या भागात माणसं उतरवायला ४३ जागाच ठरवून दिल्या आहेत. मोठ्या क्रूझचं तिकीट स्वस्त दिसेल, पण ते लाँगयरब्येनला लागणार आणि लांबून डोंगर दाखवून परत फिरणार.

आलिशान म्हणजे काय ते झुंबरावर ठरवू नका. तीन गोष्टी विचारा. बर्फातून जायच्या क्षमतेचा जहाजाचा दर्जा काय आहे? जहाज चालू नसताना डोलणं कमी करणारी सोय आहे का? आणि किती प्रवाशांमागे किती वाटाडे? दहा-बारा प्रवाशांमागे एक वाटाडा असेल तर पैसे योग्य ठिकाणी जात आहेत असं समजा. जड काळं तेल तिथल्या समुद्रात २०२२ पासून बंद आहे, त्यामुळे हलकं, महाग इंधन वापरावं लागतं. तिकिटातला काही भाग तिकडे जातो.

आणखी एक. सप्टेंबर २०२३ मध्ये ईशान्य ग्रीनलंडच्या आल्पेफियोर्डमध्ये (फियोर्ड म्हणजे डोंगरांत शिरलेली समुद्राची खाडी) २०६ माणसं असलेलं एक मोहीम-जहाज रुतलं. भरतीची वाट बघितली, निघालं नाही. सर्वांत जवळची नौदलाची बोट बाराशे सागरी मैलांवर. शेवटी तीन दिवसांनी एका मत्स्यसंशोधन जहाजाने ओढून काढलं. कुणाला काही झालं नाही. भीती घालायला हे लिहीत नाही. जिथे मदत दोन दिवसांवर आहे तिथे आपण जातोय, हे मनाशी पक्कं असलं की माणूस सुरक्षेच्या कवायतीला मन लावून उभा राहतो. तुम्हीही राहा.

सह्यवेडा · १३ नोव्हेंबर, रात्री ८:४५

मी वेगळं बोलतो. ताई, तुमच्या स्वप्नाबद्दल आदर आहे. तरीही माझं मत 'जाऊ नका' असंच आहे.

पृथ्वीवर जिथे तापमान सगळ्यात झपाट्याने वाढतंय त्यातली ही जागा. डिसेंबर २०१५ मध्ये लाँगयरब्येनमध्ये हिमकडा घरांवर येऊन दोन माणसं गेली. बर्फ वितळायच्या आत बघून घ्या, अशी आता जाहिरात होते. आणि बघायला जायचं ते विमानाने आणि डिझेलवर. कासच्या पठारावर काय झालं ते मी वीस वर्षं पाहतोय. फुलं बघायला प्रत्येक जण प्रेमानेच आला होता. गाड्या, पायवाटा, मग कुंपण, मग तिकीट. २०१८ च्या जुलैत स्वालबार्डच्या उत्तरेला 'सात बेटं' नावाच्या बेटसमूहावर एका क्रूझचे वाटाडे उतरले, अस्वलाने एकाच्या डोक्यावर हल्ला केला, अस्वलाला गोळी घातली. अस्वल आपल्या घरी होतं.

कुणी तरी हे म्हणायला हवं म्हणून म्हटलं.

हिशेबनीस · १३ नोव्हेंबर, रात्री ९:१०

सह्यवेडा, मग माणसाने कुठेच जाऊ नये का? तुम्ही मागच्या मे महिन्यात लडाखला विमानानेच गेला होतात. तुमचाच धागा आहे.

सह्यवेडा · १३ नोव्हेंबर, रात्री ९:२६

गेलो होतो. तो मुद्दा माझ्यावर बसतो, मान्य. पण माझ्या चुकीने हा प्रश्न सुटत नाही.

मांडवीकाठ · १४ नोव्हेंबर, सकाळी ६:५०

मी गोव्याचा, म्हणून हा धागा सोडवत नाही. आमच्या वास्कोला सड्यावर राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र आहे, तिथल्या एका प्रकल्पाबरोबर मी एक उन्हाळा स्वालबार्डच्या नी-ओलेसुंद गावी काढला. भारताचं 'हिमाद्रि' केंद्र तिथे १ जुलै २००८ पासून आहे, ७९ अंश उत्तरेच्या किंचित खाली. जुलै २०१४ मध्ये आपल्या लोकांनी तिथल्या कॉंग्सफियोर्डच्या पाण्यात मोजणीची उपकरणं सोडली. तिकडचं पाणी किती गरम होतंय आणि त्याचा आपल्या पावसाशी काय संबंध, हे शोधायचा खटाटोप आहे. सासष्टीतल्या माझ्या भावाची भातशेती आणि तो फियोर्ड एकमेकांना कुठेतरी बांधलेले आहेत, हे मला तिथे उभं राहून पटलं.

टिटवीताई, तुमचं जहाज बहुतेक तिथे थांबेल. गाव म्हणजे एकेकाळची कोळशाची खाण. १९६२ साली स्फोटात २१ कामगार गेले, त्यावरून पुढच्या वर्षी नॉर्वेचं सरकार पडलं. खाण बंद झाली, शास्त्रज्ञ आले. खाणीचं छोटं आगगाडीचं इंजिन अजून धक्क्याजवळ उभं आहे. गावाबाहेर लोखंडी मनोरा दिसेल. १९२६ च्या मे महिन्यात आमुंडसेन, एल्सवर्थ आणि नोबिले या ध्रुवप्रवाशांचं हवाई जहाज (विमान नव्हे, वायू भरलेलं एअरशिप) त्याला बांधलेलं होतं. तिथून ते ध्रुवावरून अलास्कापर्यंत गेले. दोन वर्षांनी नोबिले दुसऱ्या हवाई जहाजासकट बर्फावर कोसळला. त्याला शोधायला आमुंडसेन विमानाने निघाला आणि तो परत आला नाही. नोबिले वाचला.

तिथे उतरताना फोन विमान-मोडवर, वायफाय-ब्लूटूथ बंद. अवकाशातून खूप लांबून येणारे रेडिओ संकेत ऐकणाऱ्या मोठ्या तबकड्या आहेत, आपल्या फोनची कुजबुज त्यांना गोंगाट वाटते. रस्ता सोडायचा नाही, कडेला पक्ष्यांची अंडी असतात. आणि डोकं सांभाळा! आर्क्टिक कुररी घरट्याजवळून जाणाऱ्याच्या टाळूवर चोच मारते, रक्त काढते. काठी डोक्यापेक्षा उंच धरायची, ती सर्वांत उंच टोकावर झडप घालते.

सह्यवेडा यांचं म्हणणं मला उडवून लावता येत नाही. आम्ही तिथे होतो तेव्हा जहाज आलं की दोन तास गाव भरून जायचं. पण तेच प्रवासी परत जाऊन बोलतात, तेही खरं.

पडवळ · १४ नोव्हेंबर, सकाळी ९:००

टिटवीताई, त्या कुररीला सांगा, आमच्या माळावर तुझी सख्खी बहीण आहे, तीही असंच करते आणि वर ओरडून गाव गोळा करते.

डॉक_मिरज · १४ नोव्हेंबर, दुपारी ३:४०

गुडघ्याबद्दल. दोन वर्षं झाली असतील, जिना रोज चढत-उतरत असतील, तर अडचण यायचं कारण नाही. चालण्यापेक्षा होडीच्या कडेवरून पाय फिरवताना त्रास होतो. घरी पलंगाच्या कडेला बसून दोन्ही पाय एकदम उचलून बाजूला टाकायचा सराव आत्तापासून करा, रोज वीसदा. ओल्या गोट्यांवर चालायला हातात काठी हवीच. जहाजाचा वैद्यकीय अर्ज प्रामाणिकपणे भरा. लाँगयरब्येनचं रुग्णालय लहान आहे, गंभीर काही झालं तर विमानाने ट्रॉम्सोला हलवतात.

बोट लागते का? कानामागे लावायची पट्टी चांगली चालते, पण काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असेल तर ती नको. चौसष्टाव्या वर्षी हे विचारूनच घ्या. पट्टी हाताळलेला हात डोळ्याला लावू नका, बाहुली मोठी होऊन धूसर दिसतं. साधं सुंठ-आवळासुपारी बरोबर असू द्या.

फियॉर्डकाठी · १५ नोव्हेंबर, रात्री १:१५

ट्रॉम्सोहून लिहितेय. बाहेर दुपारीच अंधार पडायला लागलाय. व्हिसाचं कुणी बोललं नाही म्हणून लिहिते, कारण इथेच लोक फसतात. स्वालबार्ड नॉर्वेचं आहे, पण शेंगेनच्या, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाच्या, बाहेर आहे. ऑस्लोहून तिकडे गेलात की तुम्ही शेंगेनमधून बाहेर पडलात आणि परतताना पुन्हा आत शिरलात. म्हणून दोनदा किंवा अनेकदा प्रवेशाचाच व्हिसा मागा. माझ्या ओळखीचं एक जोडपं एकदाच प्रवेशाचा शिक्का घेऊन आलं होतं. ऑस्लोच्या विमानतळावर अडकलं आणि जहाज निघून गेलं. ज्यांनी कागद केले त्यांनी हात वर केले.

मजेची गोष्ट म्हणजे स्वालबार्डला स्वतःचा व्हिसा लागतच नाही. ९ फेब्रुवारी १९२० ला पॅरिसमध्ये जो करार झाला त्यात ब्रिटिश साम्राज्याचा भाग म्हणून भारतही होता. त्या करारामुळे आपल्या पासपोर्टवाल्याला तिथे राहायचा, काम करायचा हक्क आहे. पोट भरता आलं पाहिजे एवढंच.

आणि तुम्हाला आवडेल असं एक. लाँगयरब्येनमध्ये हॉटेलात, संग्रहालयात शिरताना चपला-बूट दारात काढतात! खाणकामगारांच्या बुटांना कोळशाची धूळ असायची, तेव्हापासूनची रीत. माझ्या सासूबाई आल्या होत्या, त्या म्हणाल्या, चला, एक तरी गाव आपलं निघालं.

ओसरी · १५ नोव्हेंबर, सकाळी ७:१०

हो हो! मोजे चांगले न्या. माझ्या मोज्याचा अंगठा बाहेर होता आणि संग्रहालयात तासभर तसंच फिरले.

जाता जाता, जगभरच्या पिकांचं बियाणं जपून ठेवणाऱ्या तिजोरीचं दार बघून या. २००८ मध्ये डोंगर कोरून केलेलं आहे. आत सोडत नाहीत, फक्त काँक्रीटचं उंच दार दिसतं. पण हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या शेती संशोधन संस्थेने आपल्या ज्वारी-बाजरी-तुरीच्या वाणांच्या पिशव्या तिथे ठेवल्या आहेत. बाहेर उभी राहून मला भाकरीची आठवण आली.

शीडवाली · १५ नोव्हेंबर, दुपारी २:३०

एडिंबरोहून. थोडं विषयांतर, पण पैशाची अडचण असणाऱ्या वाचकांसाठी. उत्तरेची दूरची बेटं म्हणजे फक्त स्वालबार्ड नव्हे. स्कॉटलंडहून सेंट किल्डा, शेटलंड, फेरो, आइसलंड असा मार्ग घेणारी लहान जहाजं आहेत. बर्फ नाही, अस्वल नाही, पण पक्षी आणि माणसांच्या गोष्टी भरपूर.

सेंट किल्डाच्या हिर्टा बेटावर उतरता येईलच असं नाही, समुद्राच्या मनावर आहे. माझं तिसऱ्या खेपेला जमलं. एका ओळीत दगडी घरं, छपरं गेलेली. शतकानुशतकं लोक समुद्रपक्षी पकडून जगले. २९ ऑगस्ट १९३० ला उरलेली ३६ माणसं सरकारी बोटीने कायमची निघाली. जाताना घराघरात बायबल उघडं ठेवलं आणि शेजारी मूठभर ओट, असं सांगतात. मी चुलीच्या दगडावर हात ठेवला, तर तो उन्हाने कोमट झाला होता.

गलबत · १५ नोव्हेंबर, दुपारी ४:०५

शीडवाली, सुंदर. त्या पट्ट्यातला अटलांटिक मात्र स्वालबार्डपेक्षा जास्त हलवतो. फियोर्डच्या आत पाणी घरच्या हौदासारखं असतं. ज्यांना बोट लागते त्यांनी हे लक्षात घ्या.

सह्यवेडा · १६ नोव्हेंबर, रात्री १०:२०

सगळं वाचलं. मांडवीकाठ यांच्या पोस्टने विचारात पाडलं. ताई, तुम्ही जाणार असं दिसतंय. एकच मागणं आहे. काही जहाजं किनाऱ्यावर कचरा गोळा करायला प्रवाशांना उतरवतात. तसं असेल तर उतरा आणि काय सापडलं ते इथे येऊन जसंच्या तसं लिहा.

टिटवी · १६ नोव्हेंबर, रात्री ११:००

लिहीन. नक्की.

टिटवी · ९ डिसेंबर, संध्याकाळी ६:३०

ठरलं. ९० प्रवाशांचं जहाज, खिडकीची खोली, सज्जा नाही. सज्जाच्या पैशात मी भाड्याची मोठी दुर्बीण आणि पूर्ण हवाई सुटकेचा विमा घेतला. गलबत यांचे तिन्ही प्रश्न मेलवर विचारले. एका कंपनीने गुळमुळीत उत्तर दिलं, तिला सोडलं. दुसरीने आकड्यांत उत्तर दिलं: आठ प्रवाशांमागे एक वाटाडा. व्हिसा अनेकदा प्रवेशाचा मागितला आहे. यजमान रोज पलंगावर वीसदा पाय फिरवतात आणि मोठ्याने मोजतात.

पडवळ · ९ डिसेंबर, संध्याकाळी ६:४१

अभिनंदन! पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत. इथे अंकांसह वृत्तांत हवा.

मांडवीकाठ · २ जुलै, सकाळी ७:१५

धागा वर काढतोय. ताई, निघालात का?

टिटवी · ४ ऑगस्ट, सकाळी १०:१०

मंडळी, आले. आठवडा झाला, अजून रात्री झोप लागत नाही. तिथे सूर्य मावळायचाच नाही, सवय मोडलेली नाही.

सगळं एका पोस्टमध्ये मावणार नाही, आत्ता महत्त्वाचं लिहिते. गुडघ्याने साथ दिली. तेवीस वेळा होडीत चढ-उतार झाली. एकदाच, ओल्या गोट्यांवर, वाटाड्या मुलाने यजमानांच्या पट्ट्याला धरून उभं केलं.

हिनलोपेन उघडी होती. आल्केफियेलेट नावाचा काळ्या दगडाचा कडा आहे, सरळ पाण्यात उतरलेला. त्यावर साठ हजारांच्या आसपास जोड्या गिलेमॉट पक्ष्यांच्या. घरटं नाही, हाताच्या रुंदीच्या कपारीवर अंडं. होडी कड्याखाली गेली तेव्हा वरून पिसं, पाणी, विष्ठा सगळं बरसत होतं आणि आवाज एवढा की शेजारच्याचं बोलणं ऐकू येईना. त्याच कड्याखाली एक कोल्हा पडलेलं पिल्लू तोंडात धरून दगडांवरून चालला होता. घाई नव्हती त्याला.

स्मीरेनबुर्गला वाळूत गोल कडी दिसतात, जुन्या विहिरीच्या काठासारखी. सतराव्या शतकात डच लोक तिथे देवमाशाची चरबी कढवायचे. उतू गेलेलं तेल आणि वाळू मिळून दगडासारखं घट्ट झालंय. हात लावायचा नाही, १९४६ च्या आधीची प्रत्येक मानवी खूण तिथे संरक्षित आहे. चारशे वर्षांपूर्वीची उतू गेलेली कढई! मी तिथे बराच वेळ उभी होते. त्या उपसागरात तेव्हा एवढे देवमासे होते, की त्यांच्यासाठी गाव वसवलं. आम्हाला तिथे एकही दिसला नाही.

अस्वल एकदा. जहाजाने तीनशे मीटरच्या बाहेरच इंजिन मंद केलं, तसा नियमच आहे. आई आणि एक पिल्लू, किनाऱ्याच्या दगडांत. बर्फ नव्हता. दुर्बिणीतून आईच्या पाठीची हाडं दिसत होती. डेकवर नव्वद माणसं होती, कुणी बोललं नाही.

नी-ओलेसुंदला हिमाद्रिसमोर पोचलो. साधंच लाकडी घर. मांडवीकाठ, तुमची काठीची युक्ती कामाला आली. यजमानांनी काठी वर धरली, कुररीने तिच्यावर चोच मारली, खट्ट असा आवाज आला.

मांडवीकाठ · ४ ऑगस्ट, सकाळी १०:३५

ताई, तो खट्ट आवाज मला इथे पर्वरीत ऐकू आला. देव बरें करूं.

सह्यवेडा · ४ ऑगस्ट, दुपारी १२:२०

आलात, सुखरूप आलात, बरं वाटलं. आईची पाठ वाचून थांबलो. मी मागितलं होतं ते राहिलं का?

टिटवी · ४ ऑगस्ट, दुपारी १:०५

नाही राहिलं. तेच वेगळं लिहायचं होतं.

आठव्या दिवशी उत्तर किनाऱ्यावर उतरवलं. सगळा किनारा लाकडांनी भरलेला, सैबेरियाच्या नद्यांतून वाहत आलेले सोललेले ओंडके. जवळपास एकही झाड नाही. तिथली विलो पायाखाली असते, बोटाच्या पेराएवढी, पानं नखाएवढी. ओंडक्यांच्या मधे आमचं काम. पाऊण तास, प्रत्येकाच्या हातात एक गोणपाट.

मला मिळालं ते लिहिते. निळ्या दोरीचे तुकडे, मोजले नाहीत, ओंजळभर. मासेमारीच्या जाळ्याचे दोन तरंगे. शाम्पूची बाटली, अक्षरं पुसलेली. रबरी हातमोजा, डावा. पेटीबंद करायच्या पांढऱ्या पट्ट्या. यजमानांना बाटल्यांची बरीच झाकणं मिळाली. एका जर्मन बाईंना टूथब्रश मिळाला.

शेवटी हिरवं जाळं दिसलं, ट्रॉलरचं, जाड. वर हातभर होतं, बाकी वाळूत. आम्ही सहा जणांनी ओढलं, हललं नाही. वाटाड्याने सुरीने जेवढं वर होतं तेवढं कापलं आणि उरलेल्याची जागा यंत्रात नोंदवून घेतली, पुढच्या बोटीने फावडी आणावीत म्हणून. कापलेला भाग गोणपाटात भरायला मी उचलला तेव्हा तो जड लागला. उलगडून पाहिलं. आत रेनडिअरचं शिंग होतं, कवटीच्या तुकड्यासकट, दोरी त्याला सात-आठ वेढे घालून आवळलेली.

वाटाडी मुलगी म्हणाली, शिंग इथलं आहे, ते इथेच ठेवायचं. मग आम्ही दोघी वाळूत बसून ती दोरी सोडवत बसलो. माझे हातमोजे काढावे लागले, गाठी ओल्या होत्या. होडीवाल्याने दोनदा हाक मारली. आम्ही शिंग ओंडक्याच्या आडोशाला ठेवलं आणि दोरी गोणपाटात टाकली.